सोळा आण्यांचा ताळा

स्वारगेटहून दक्षिणेला निघालं आणि मार्केट यार्ड मागे टाकलं की बिबवेवाडी लागते. डोंगराच्या उतारापर्यंत चढत गेलेल्या सोसायट्या, दवाखाने, शाळा, अप्पर इंदिरानगरच्या दाट गल्ल्या, असं हे आजचं उपनगर. पण इथल्या कुठल्याही इमारतीचं खरेदीखत उघडलं, तर त्यात पहिल्यांदा रस्त्याचं नाव येत नाही. येतं ते ‘मौजे बिबवेवाडी’, त्यापुढे स. नं. आणि त्यापुढे हिस्सा नंबर. शेतं जाऊन पिढ्या लोटल्या, तरी इथली मालकी अजून शेताच्याच नंबरावर उभी आहे. एक सर्व्हे नंबर, त्याचे हिस्से, हिश्शांचे पोटहिस्से आणि प्रत्येकापुढे कुणाचं तरी नाव व क्षेत्र. या सगळ्या तुकड्यांची बेरीज मूळ नंबराच्या क्षेत्राइतकीच भरली पाहिजे, एवढा साधा नियम या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. तो पाळला गेला की माणूस निर्धास्त झोपतो. मोडला की दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात.

हा नियम राखण्याच्या सुमारे दोनशे वर्षांच्या धडपडीतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. नोंद खरी राहते ती चांगल्या अक्षरामुळे नव्हे, नुसत्या संगणकामुळेही नव्हे. नोंदीनोंदींना एकत्र बांधणारा नियम नोंद लिहिण्याच्या क्षणी, तिच्या उंबरठ्यावर तपासला जातो तेव्हाच ती खरी राहते. तपासणी नंतरवर टाकली की नियम कागदावर उरतो आणि चूक वहीत मुरते. डेटाबेसच्या शास्त्राने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच सूत्र मांडलं. महाराष्ट्राच्या जमिनीच्या दप्तराने मात्र ते दोनदा कमावलं आणि दोनदा गमावलं.

पेशवाईत गावचे हिशेब कुलकर्ण्याकडे आणि परगण्याचे देशपांड्याकडे असत. दोन हातांनी लिहिलेले हिशेब एकमेकांसमोर ठेवता येत, हा त्या काळचा ताळा होता. १८१८ मध्ये राज्य गेलं आणि कंपनी सरकारला प्रत्येक शेताची स्वतंत्र मोजणी हवी झाली. १८२० च्या दशकाच्या अखेरीस आर. के. प्रिंगल या मुलकी अधिकाऱ्याने पुणे भागात ती हाती घेतली. शेताचं निव्वळ उत्पन्न काढायचं आणि त्याचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, ही त्याची कल्पना तर्काला धरून होती. पण मोजणी आणि उत्पन्नाचे आकडे खालून जसे आले तसेच वर चढले. त्यांना जागच्या जागी अडवणारी कसोटी नव्हती. लाचलुचपत आणि चुका यांनी आकडेच नासले, सारा डोईजड झाला आणि पुष्कळ जमिनी पडीक पडल्या. म्हणून १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्याने काम सुरू केलं. १८४७ च्या संयुक्त अहवालात त्यांची पद्धत पक्की झाली. शेताला कायमचा नंबर, हद्दीला दगड आणि खालच्या मोजणीदाराच्या कामावर वरिष्ठाची फेरमोजणी. प्रिंगलचं गणित अवघड होतं आणि ते फसलं. विंगेटचं त्यापेक्षा ढोबळ होतं, पण त्याची तपासणी कडक होती. टिकलं ते विंगेटचंच.

तरीही या दप्तरात एक मोठी पोकळी होती. सारा कोण भरतो एवढंच त्यात लिहिलेलं असे. जमीन गहाण कुणाकडे आहे, भाऊबंदांचा वाटा किती, प्रत्यक्ष कसतं कोण, याचा पत्ता नसे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख कर्जरोख्यांवर आणि खतांवर होता. आपल्या नावावर काय लिहिलं आहे हे ज्याला कळत नाही, त्याचा कागदावर भरवसा कसा बसणार? १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा त्यातूनच आला. पुढे १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्याच्या तरतुदी जमीन महसूल संहितेत गेल्या. सारा भरणाऱ्याच्या नावाबरोबर आता हक्कदारांची नावं आली आणि फेरफाराची वही जन्माला आली. आज चालतो तो १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम त्याच पायावर उभा आहे.

या कागदी व्यवस्थेची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. गाव नमुना १ म्हणजे आकारबंद, त्यात प्रत्येक सर्व्हे नंबराचं क्षेत्र आणि आकार. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, त्यात त्या नंबरावरचे भोगवटादार. नमुना १२ पिकांचा. सात आणि बारा एका कागदावर येतात म्हणून सातबारा. नमुना ८अ खात्याचा, म्हणजे एका माणसाची गावभरची सगळी जमीन एका ठिकाणी. सातबाऱ्याने नंबरानुसार बेरीज केली आणि आठ-अने माणसानुसार, तर दोन्ही बेरजा गावाच्या त्याच एकूण क्षेत्रावर आल्या पाहिजेत. किराणा दुकानाच्या वहीत उभी आणि आडवी बेरीज जुळवतात तसाच हा ताळा. शिवाय प्रत्येक सातबाऱ्यात लागवडीयोग्य क्षेत्र अधिक पोटखराबा बरोबर एकूण क्षेत्र, हा आणखी एक नियम. जमीन फुटली, सरकली किंवा नव्याने मोजली गेली की कमी-जास्त पत्रक निघे. इथे जितकं वजा, तितकंच तिथे जमा.

सामाईक जमिनीत वाटे लिहिण्याची रीत होती आणेवारीची. संपूर्ण जमीन म्हणजे सोळा आणे आणि एक आणा म्हणजे बारा पै. तीन भाऊ असतील तर प्रत्येकाला पाच आणे चार पै. तीनदा बेरीज केली की पंधरा आणे बारा पै, म्हणजे सोळा आणे पुरे. एकही पै उरत नाही. सोळा आण्यांच्या १९२ पै होतात आणि या संख्येला दोन, तीन, चार, सहा, आठ यांनी निःशेष भाग जातो. भाऊबंदकीच्या वाटण्यांना हे माप जणू बेतून केलेलं होतं. दशमान पद्धत आली आणि हाच हिशेब हेक्टर-आरमध्ये गेला. एक हेक्टर तिघांत वाटला की प्रत्येकी ०.३३.३३ आणि बेरीज ०.९९.९९. एक चौरस मीटर हवेत विरला. तो कुणाच्या नावे घालायचा याचा नियम आधी ठरवला नसेल, तर हिशेब न जुळण्याचं बीज वाटणीच्या दिवशीच पेरलं जातं.

फेरफाराची पद्धत त्याहून विचारपूर्वक आखलेली होती. खरेदी झाली किंवा वारस लागले की तलाठी फेरफार वहीत नोंद करी. चावडीवर प्रत लागे, संबंधितांना नोटिसा जात, हरकतीसाठी मुदत मिळे. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, म्हणजे नमुना ६अ मध्ये जाई. तोवर सातबाऱ्यावरचा बदल पेन्सिलने. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मगच शाई. जुनं नाव कंसात जाई, नव्या नावाशेजारी वर्तुळात फेरफाराचा क्रमांक येई. पेन्सिल आणि शाई यांमधला हा फरक केवळ शिस्तीचा नव्हता. बदल चालू असताना हिशेब क्षणभर न जुळणं साहजिक आहे, कारण जुनं नाव निघालं आहे आणि नवं अजून लागायचं आहे. म्हणून ताळा पाहायचा तो बदल पुरा होताना, शाई लागण्याच्या क्षणी. डेटाबेसवाले ज्याला व्यवहार आणि त्याची निश्चिती म्हणतात, ते तत्त्व आपल्या चावडीवर शाई-पेन्सिलीने नांदत होतं.

पण ही राखण माणसाच्या दमावर होती. तलाठ्याच्या सज्जात गावं वाढली, वाटण्या वाढल्या, शहराजवळ गुंठ्यागुंठ्यांचे सौदे सुरू झाले. मोजणी आणि फाळणी न होताच वाटे नावावर चढले. फेरफार मंजूर झाला पण आठ-अवर उतरला नाही, सातबारा बदलला पण आकारबंद तसाच राहिला. दर दहा वर्षांनी सातबाऱ्यांचं पुनर्लेखन होई, तेव्हा जुन्या चुका नव्या कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात उतरत. पुण्यासारख्या शहराच्या कडेच्या गावांना याची झळ सर्वांत जास्त बसली, कारण तिथे जमीन सर्वांत वेगाने फुटली. राज्याला २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमित करण्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून नोंद आणि जमीन यांच्यात किती अंतर पडलं होतं ते कळतं.

इकडे कागद असा थकत असताना तिकडे अमेरिकेत, १९७० साली, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात ठेवण्याची रिलेशनल पद्धत मांडली. तीच गोष्ट दोन जागी लिहिली की दोन जागा कधीतरी वेगळं बोलू लागतील, हा धोकाही त्यांच्या विवेचनात होता. त्यांच्या कल्पनेतून पुढे नियमांची एक उतरंड उभी राहिली. सर्वांत साधा नियम एका ओळीपुरता: क्षेत्र शून्याहून कमी नसावं. दुसरा ओळखीचा: एका गावात एक सर्व्हे नंबर दोनदा नसावा. तिसरा संदर्भाचा: सातबाऱ्यावरचा खाते क्रमांक आठ-अमध्ये असायलाच हवा. हे तिन्ही आजचा कुठलाही रिलेशनल डेटाबेस स्वतःच राखू शकतो. चौथा प्रकार मात्र अवघड. अनेक ओळींची बेरीज दुसऱ्या तक्त्यातल्या एका आकड्याशी जुळली पाहिजे, म्हणजे आपला सोळा आण्यांचा नियम. १९७५ मध्येच ईश्वरन आणि चेंबरलिन या आयबीएमच्या संशोधकांनी असे नियम डेटाबेसलाच सांगून ठेवण्याची योजना मांडली होती. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात त्यासाठी ‘असर्शन’ नावाची सोय आली. पण पुढची तीन दशकं बाजारातल्या मोठ्या डेटाबेसांपैकी जवळपास कुणीही ती दिली नाही.

कारण समजण्यासारखं आहे. एका नावापुढचं क्षेत्र बदललं की त्या नंबरावरच्या सगळ्या ओळी पुन्हा मोजाव्या लागतात. त्यात दोन माणसं एकाच वेळी बदल करत असतील तर धोका वाढतो. पुण्यात दुय्यम निबंधक हवेली क्रमांक १, २, ३ अशी अनेक कार्यालयं आहेत आणि बिबवेवाडीच्या जमिनीचा दस्त त्यांपैकी वेगवेगळ्या ठिकाणी नोंदता येतो. समजा, दहा गुंठे शिल्लक असलेल्या माणसाने सकाळी एका कार्यालयात आठ गुंठे विकले आणि त्याच वेळी दुसऱ्या कार्यालयात आणखी आठ. प्रत्येक टेबलाने स्वतंत्रपणे शिल्लक पाहिली तर दोन्ही दस्त योग्य ठरतात. मोडते ती बेरीज. म्हणून अवघड नियम राखायचा तर एक व्यवहार तपासला जात असताना त्या सर्व्हे नंबरावरचा दुसरा व्यवहार रांगेत थांबवावा लागतो. कागदी काळात ही रांग आपोआप लागे, कारण वही एकच असे आणि ती एका तलाठ्याच्या हातात असे. संगणकाने वही सगळ्यांना एकाच वेळी उघडून दिली. रांग मात्र मुद्दाम बांधावी लागते.

भारत सरकारने १९८८-८९ मध्ये जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा पथदर्शी प्रयोग आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्रातला वर्धा होता. पुढे राज्यभर सातबारे संगणकात भरले गेले. प्रचंड काम होतं ते. सुमारे अडीच कोटी सातबारे आणि चाळीस हजारांहून अधिक गावं. पण घाईत जे झालं ते असं की कागद जसा होता तसा यंत्रात गेला. क्षेत्र जुळत नसलं तरी आकडा भरता येत होता. राखणदार दारावर नसल्याने आत काय काय शिरलं हे नंतर शोधायची वेळ आली. प्रिंगलच्या मोजणीत जे घडलं होतं, त्याचीच ही दुसरी आवृत्ती होती.

ई-फेरफार प्रकल्पात हे निस्तरायला घेतलं गेलं. पुण्यातल्या जमाबंदी आयुक्तालयाच्या देखरेखीखाली हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारे ओळीओळीने ताडून पाहण्यात आले. एडिट मॉड्यूल, मग री-एडिट, मग ओडीसी असे दुरुस्तीचे टप्पे झाले. २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगाव चावडी वाचनाची मोहीम झाली. तलाठ्याने सातबारा मोठ्याने वाचायचा, गावकऱ्यांनी ऐकायचा आणि चूक दाखवायची. ओडीसीच्या अहवालांतला एक थेट आपला नियम तपासतो: नंबराचं एकूण क्षेत्र आणि नावांपुढच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ न बसणारे सातबारे कोणते? ज्यांचा मेळ बसत नाही, त्यांना तहसीलदाराच्या कलम १५५ खालच्या आदेशाने दुरुस्त करायचं. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. नोंदणी कार्यालयाची आय-सरिता प्रणाली ई-फेरफाराशी जोडल्याने दस्त नोंदताना सातबारा समोर येतो आणि फेरफाराची सुरुवात तिथूनच होते. हाच उंबरठ्यावरचा राखणदार, फार उशिरा उभा केलेला, पण उभा केलेला.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की कडक नियम गरिबालाच अडवतो. आजोबांच्या काळातल्या चुकीमुळे बेरीज जुळत नाही म्हणून नातवाची वारस नोंद थांबते, पीककर्ज अडकतं. हा त्रास खरा आहे. पण तो नियमाने निर्माण केलेला नाही, जुन्या चुकीने केलेला आहे. नियमाने तो फक्त उघड केला. उत्तर नियम काढून टाकण्यात नाही, चुकीला वेगळी जागा देण्यात आहे. जुन्या व्यवस्थेत नमुना ६अ होता, पेन्सिल होती. तसंच प्रणालीनेही जुन्या न जुळणाऱ्या नंबरावर स्पष्ट खूण करून दुरुस्तीची मुदत द्यावी, तोवर ज्या हक्काला वाद नाही तो चालू ठेवावा आणि नवी विसंगती मात्र एकही आत येऊ देऊ नये. जुनं ओझं हळूहळू उतरवता येतं, पण रोज नवं चढत राहिलं तर कधीच नाही.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञांचा. नियम डेटाबेसमध्ये कशाला, वरच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासला की झालं. हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण सातबाऱ्याचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. एकाच वहीपर्यंत पोचणारी दारं अनेक असतात: फेरफाराचं दार, दुरुस्तीचं दार, नोंदणीचं दार, जुना डेटा आणून भरण्याचं दार. प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी ठेवला तर एक तरी झोपतोच. जिथे सगळी दारं एकत्र येतात, तिथे, म्हणजे खुद्द माहितीच्या साठ्याशी पहारा असला की दारं कितीही वाढोत. तयार सोय नाही म्हणून ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारी तपासणी, लिहावा लागेल, बेरजेचं वेगळं कोष्टक ठेवावं लागेल, त्या नंबरावर कुलूप घालावं लागेल. मेहनत आहे, पण ती एकदाच करायची. न जुळणाऱ्या बेरजेची मेहनत प्रत्येक कुटुंबाला आयुष्यभर करावी लागते.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. बेरीज जुळली म्हणजे नोंद खरी झाली का? अजिबात नाही. खोट्या सहीने चढवलेलं नावही सोळा आणे पुरे करू शकतं. यंत्र सुसंगती राखतं, सत्य नव्हे. सत्यासाठी चावडीवरची नोटीस लागते, शेजाऱ्याचं कान देऊन ऐकणं लागतं, बांधावरचा दगड लागतो. पण याचा अर्थ सुसंगती निरुपयोगी असा होत नाही. कायद्याच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. कायदा ज्या कागदावर इतका विश्वास टाकतो, त्याने स्वतःशी तरी विसंगत असू नये. न जुळणारी बेरीज निदान इतकं नक्की सांगते की इथे कुठेतरी खोटं किंवा चूक आहे. ती सूचना पहिल्याच दिवशी मिळाली, तर माणसं जिवंत असतात, कागद ताजे असतात आणि चूक दुरुस्त होऊ शकते.

बिबवेवाडीसारख्या शहरात विरघळलेल्या गावांपुढे आता याच नियमाचं पुढचं रूप उभं आहे. शहरात नगर भूमापन झालं की मिळकत पत्रिका तयार होते, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच जमिनीचा सातबाराही चालू राहतो. एका जमिनीचे दोन कागद, दोन वेगळ्या नोंदवह्यांत. कॉड यांनी १९७० मध्ये ज्या धोक्याकडे बोट दाखवलं होतं, तो हाच. मिळकत पत्रिका असेल तिथे सातबारा बंद करायचं काम भूमी अभिलेख विभागाने हाती घेतलं आहे, ते नेटाने पूर्ण व्हायला हवं. याच उपनगरातल्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या महाविद्यालयांत विद्यार्थी डेटाबेसचे नियम शिकतात. त्यांच्यासाठी सातबाऱ्याइतकं जवळचं आणि जिवंत उदाहरण दुसरं नाही.

बाकी काम आपलं आहे. आपल्या कुटुंबाचा सातबारा आणि आठ-अ काढा. नावांपुढची क्षेत्रं बेरजेला घ्या, पोटखराबा मिळवा, एकूण क्षेत्राशी ताडून पाहा. मेळ बसत नसेल तर आज तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज द्या. ज्यांना त्या वाटणीची हकीकत ठाऊक आहे, ती घरातली माणसं हयात आहेत तोवरच हे करा.